भाऊजींची बाइक आणि राहून गेलेलं एक काम

मैत्रिणींनो, घरात तरुण दीर असला की वहिनीला दोन्हीकडे सांभाळावं लागतं. इकडे सासूबाईंची काळजी आणि तिकडे भाऊजींचा हट्ट. आमच्या धाकट्या भाऊजींनी यंदा स्पोर्ट्स बाइकचा ध्यास घेतला. तीच ती, पुढे वाकून बसायची आणि मागच्या माणसाला जेमतेम वीतभर जागा असलेली. नवी घ्यायला पैसे पुरेनात, म्हणून चार वर्षं वापरलेली एक पाहून ठेवली. विकणारा मुलगा चांगल्या घरातला, गाडी चकचकीत, किंमतही बेताची. सासूबाई म्हणाल्या, "मला विचारूच नका." आमचे हे म्हणाले, "घेऊ दे की, कमावता आहे." आणि कागदपत्रं बघायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आर. सी. बुक, विमा, पी. यू. सी., कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, सगळं जागच्या जागी होतं. ओळखीच्या मेकॅनिकने एक फेरी मारली आणि "इंजिन मस्त आहे, ताई," म्हणाला. आता पैसे द्यायचे तेवढे राहिले. तेव्हा मला एक जुनी बातमी आठवली. २०२४ च्या फेब्रुवारीत यामाहाने रे झेडआर आणि फसिनो जातीच्या सुमारे तीन लाख स्कूटर ब्रेकच्या लिव्हरसाठी परत बोलावल्या होत्या. आपली स्कूटर त्यातली नाही एवढं बघून मी पान उलटलं होतं. आता मात्र मनात आलं, या बाइकचं असं काही नसेल ना? आणि असलंच तर कुठल्या कागदावरून कळेल?

कुठल्याच नाही! तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

अशा परत बोलावण्याला सगळे रिकॉल म्हणतात. कारखान्यातच एखादा भाग सदोष बसला असं कंपनीच्या ध्यानात आलं, की त्या ठराविक काळात तयार झालेल्या गाड्या बोलावून तो भाग तपासायचा आणि लागला तर बदलून द्यायचा, पैसे न घेता. बोलावलेली प्रत्येक गाडी बिघडलेलीच असते असं नाही. २०२१ साली रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलसाठी २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या बोलावल्या, तेव्हा त्यांतल्या दहा टक्क्यांहून कमी गाड्यांना नवा भाग लागेल असा कंपनीचाच अंदाज होता. पण आपली गाडी त्या दहांतली की नव्वदांतली, हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार? डाळीत खडा एखादाच असतो, निवडावी मात्र सगळीच लागते.

आपल्याकडे २०१२ च्या जुलैपासून वाहन कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, हे काम आपणहून सुरू केलं. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांत जिवाला धोका होईल असा दोष निघाला, तर सरकार कंपनीला त्या परत बोलवायला लावू शकतं. दंड एक कोटी रुपयांपर्यंत आहे. हे झालं कंपनीचं. पत्र किंवा निरोप जातो तो मात्र शोरूमच्या वहीत असलेल्या मालकाला. त्याने घर बदललेलं असतं, फोन बदललेला असतो, नाहीतर गाडीच विकलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेल्या गाडीचा निरोप वाटेतच हरवतो.

"एवढ्याशा भागाने काय होतंय, वहिनी?" असं भाऊजी म्हणालेच. त्यांना मी अमेरिकेतली हकिगत सांगितली. सुझुकीची जीएसएक्स-आर नावाची बाइक आहे, भाऊजींच्या खोलीत तिचं चित्र लावलेलं असायचं. पुढचा ब्रेक दाबला की मास्टर सिलिंडर नावाच्या भागातला पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि चाक थांबतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर ते खराब होतं. या बाइकच्या पिस्टनवरचा थर सगळीकडे सारखा बसलेला नव्हता. त्यामुळे पिस्टन गंजायचा, त्यातून वायू तयार व्हायचा, आणि रचना अशी की तो बाहेरही पडेना. पिचकारीत हवा शिरली की दांडा दाबूनही धार येत नाही, तसं ब्रेकचं व्हायचं. २००४ ते २०१३ या सालांतल्या अशा सुमारे २ लाख १० हजार बाइक एकट्या अमेरिकेत २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बोलावल्या गेल्या. जॉर्जिया राज्यातल्या एका माणसाचा अपघात त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये झाला होता. ब्रेक लागलाच नाही. नवरा-बायको दोघांनी दावा लावला, तो जिंकलाही. पण ज्युरीने ४९ टक्के दोष त्या माणसावरच ठेवला. दर दोन वर्षांनी ऑइल बदला असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असून आठ वर्षांत त्याने एकदाही बदललं नव्हतं. भरपाई जवळजवळ निम्म्यावर आली, आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

ऐकून भाऊजी गप्प झाले.

हात लावून बघण्यासारखं म्हणाल तर, गाडी उभी असताना पुढचा ब्रेक दाबून धरा. लिव्हर घट्ट लागायला हवा. स्पंजासारखा लागला किंवा हळूहळू मुठीकडे सरकत गेला, तर ती गाडी त्या दिवशी चालवू देऊ नका. हँडलवरच्या छोट्या डबीतलं ब्रेक ऑइल सहसा फिकट असतं. चहासारखं काळपट दिसलं तर बदलायची वेळ कधीच होऊन गेली समजा.

पण रिकॉलचं काम बाकी आहे का, हे असं बघून कळत नाही. त्यासाठी चॅसिस नंबर हवा. तो आर. सी. वर छापलेला असतो आणि गाडीवर, हँडलखालच्या लोखंडी मानेवर कोरलेला असतो. दोन्ही ताडून बघा. अक्षरं-आकडे मिळून सतरा होतात. त्यांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसलं की शून्यच समजायचं. (मी पहिल्यांदा ओ लिहिला आणि अर्धा तास घालवला!) बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून बघता येतं, नाहीतर सर्व्हिस सेंटरला जा. तिथे "गाडीला काही प्रॉब्लेम आहे का हो?" असं मोघम विचारू नका. "नाही मॅडम, एकदम ओके," हेच उत्तर मिळेल. "या चॅसिस नंबरवर रिकॉलचं काम बाकी आहे का, ते कॉम्प्युटरवर बघून सांगा," असं विचारा, आणि जे सांगतील ते लिहून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पहिल्या मालकांना आणा." मी म्हटलं, "बोलावलंय गाडीला ना? मालकाला थोडंच बोलावलंय?" मग तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. निघालं काय, तर पुढच्या ब्रेकची नळी हँडल वळवताना घासते म्हणून ती बदलायची होती, आणि हे काम दोन वर्षं तसंच पडून होतं. पहिला मालक गाव सोडून गेलेला. आम्हाला विकणारा दुसरा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नळी यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस मी पैसे थांबवले आणि भाऊजी माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. काम तासाभरात झालं, एक पैसा पडला नाही. जुनी नळी हातात घेऊन तो विकणारा मुलगा किती तरी वेळ बघत होता. एका बाजूने तिचं रबर पार घासून गेलेलं. "मी यावरून रोज चाळीस किलोमीटर जात होतो, काकू," एवढंच म्हणाला. (काकू म्हणाला ते सोडून दिलं.) जॉब कार्डाची एक प्रत त्याला दिली, एक आर. सी. च्या पाकिटात घातली.

त्या रात्री त्याच्या आईचा फोन आला. थोरल्याकडेही तसलीच बाइक आहे म्हणाल्या, आणि तो सतरा आकडी नंबर गाडीवर नेमका कुठे बघायचा ते विचारत होत्या. टॉर्च घेऊन त्या खाली गाडीपाशीच उभ्या होत्या.