गोधडीचे मोल

पादऱ्यातील आम्ही जुनी मराठी घराणी वारशाचा अभिमान मिरवतो. परंतु त्याची किंमत आम्ही ठरवली ती दारात, बोहारणीसमोर. आजीची जरीची साडी तिने हाती घेतली आणि पाहिली ती केवळ जर. कारण जर जाळली की चांदी निघते. विणकराच्या हाताला मोल नाही. आजीने शिवलेली गोधडी तर वर फुकट गेली, आणि आम्ही घासाघीस केली ती स्टीलच्या एका पातेल्यासाठी! बोहारणीला दोष कशाला? तिचे पोट त्यावर होते. विसरलो ते आम्ही.

खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला बडोद्याचा मोत्यांचा गालिचा २००९ साली दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरांना विकला गेला. तो आकडा आम्ही अभिमानाने सांगतो. मोती ओवणाऱ्या हातांची विचारपूस कधी केली काय?

म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे : संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लॅस्टिकचे डबे लुटणे आता पुरे. प्रत्येक घराने स्वहस्ते केलेली एक वस्तू आणावी आणि पैशावाचून, चारचौघांत, तिची अदलाबदल करावी. गोधडीच्या बदल्यात कोण काय देऊ करतो, यावरून गोधडीची नव्हे, आपलीच किंमत कळेल.