बिचारा कांदा

परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच निरोप आला. "कांद्यावरची काळी भुकटी नीट धुवा, नाहीतर काळी बुरशी होते." पाठवणारा आमचाच भाचा, इंजिनिअर, आणि राहणारा निफाडचा! लासलगावच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कांदा हाताळणाऱ्यांचे जबडे शाबूत आहेत, एवढं तरी त्याने बघायचं.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून सांगतो, इथे शब्दाने घात केला. कांद्यावर असते ती ॲस्परजिलस नायजर. २०२१ साली जिने माणसं खाल्ली ती म्युकरच्या कुळातली. ती मातीत, कुजक्या पाल्यात असते, तिचे कण आपण सगळेच नाकावाटे आत घेतो. धडधाकट शरीर त्यांना निपटून काढतं. पण रक्तातली साखर बेसुमार वाढलेली, त्यात स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दाबलेली, की ती नाकालगतच्या पोकळ्यांत रुजते आणि रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळाल्याने मांस मरतं, काळं पडतं. काळं असतं ते मेलेलं मांस हो, बुरशी नव्हे! मग टाळू, वरच्या जबड्याचं हाड, डोळ्याची खोबण. मेलेल्या हाडात रक्तच जात नाही, तर ॲम्फोटेरिसिनचं महागडं इंजेक्शन तरी कसं पोचणार? ते हाड कापूनच काढावं लागतं.

स्टिरॉइडला सरसकट नावं ठेवू नयेत. डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. आणि आपल्याकडे? एकाची चिठ्ठी तिघांनी वापरली, दुकानदाराने दिली, साखर कोणी तपासली नाही. देशात ५० हजारांवर रुग्ण झाले, त्यांत महाराष्ट्र आघाडीवर. दोष कुणाला? कांद्याला!

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या टाळूच्या जागी आता खास बनवलेली कवळी आहे. ती काढली की पाणी नाकातून येतं, बोलणं कळत नाही. त्यांच्याच घरात हल्ली गुडघेदुखीवर 'लगेच आराम' देणाऱ्या बिननावाच्या पुड्या येतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं तपासणीत कितीदा तरी सापडलंय. वहिनींना विचारलं, साखर शेवटची कधी तपासली? आठवेना. कांदा मात्र तीन पाण्यांनी धुतात.