घरखर्चाची वही आणि विद्वानांचा परवाना

दूधगंगेकाठच्या सदलग्यात एखादे घर महिन्याला तेल किती नेते, औषधपाण्यावर काय खर्चते, ही बाब पूर्वी त्या घरापुरती, फार तर वाण्याच्या उधारीच्या वहीपुरती होती. आज देशभर अशी माहिती गोळा करून विकणाऱ्या संस्था आहेत आणि गिऱ्हाइकांत विद्यापीठांतील संशोधकही आहेत. ह्या संशोधकांवर बंधने कोणती असावीत?

कोल्हापूरकरांना घरखर्चाची पाहणी नवी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेच्या सोवनींनी केलेली ह्या शहराची सामाजिक पाहणी १९४८ ते १९५२ च्या दरम्यान तीन खंडांत निघाली. तिथे माहिती जमविणारी आणि ग्रंथ काढणारी संस्था एकच होती. आता ह्या दोघांमध्ये विक्रीचा करार आला आहे.

मुंबईची 'सीएमआयई' ही खाजगी संस्था २०१४ पासून दर चार महिन्यांनी लाखाहून अधिक घरांची पाहणी करते. सरकारने २०१७-१८ ची घरखर्च पाहणी प्रसिद्ध न करण्याचे २०१९ मध्ये ठरविले आणि पुढची पाहणी २०२२-२३ सालची. मधल्या काळात अभ्यासकांची भिस्त साहजिकच ह्या विकतच्या आकड्यांवर पडली. त्यांत गरीब घरे कमी येतात, असा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची ह्यांनी २०२१ मध्ये घेतला. आक्षेप घेता आला, कारण आकडे त्यांना तपासता आले. ज्याच्यापाशी वर्गणीचे पैसे नाहीत, त्याने काय तपासावे?

अमेरिकेत शिकागो विद्यापीठामार्फत नील्सन कंपनीची खरेदी-माहिती संशोधकांना मिळते. दुकानाचे नाव फोडायचे नाही आणि निष्कर्ष कंपनीचे नव्हेत असे लेखात नमूद करायचे, अशा तिथल्या अटी आहेत. त्या रास्तच म्हणाव्या लागतील. मात्र छापण्यापूर्वी लेख मालकाला दाखविण्याची अट एखाद्या करारात असेल, तर ती गुप्ततेपुरतीच राहिली पाहिजे. गैरसोयीचा निष्कर्ष अडविण्याची सोय तिच्यातून होता कामा नये.

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधनाला सूट देतो, पण ठरविलेले निकष पाळून आणि त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय न घेण्याच्या अटीवर. तरी लहान गावाची अडचण उरतेच. पुण्यामुंबईत नाव खोडले की माणूस गर्दीत हरवतो. सदलग्यात गल्ली, जात, शेत आणि मुलांची वये एवढे कळले की घर कोणाचे ते शेजारी सांगेल. त्यात भाषेचा रकाना जोडला, तर सीमाभागात त्याचा अर्थ काय होतो हे निपाणी-बेळगावकडील वाचकांना सांगायला नको! म्हणून नाव खोडण्यावर न थांबता लहान गावांचे आकडे तालुक्यात मिसळूनच द्यावेत.

दुसरी गोष्ट पैशाची. केंद्राच्या नमुना पाहणीची घरवार आकडेवारी आज नोंदणी करून विनामूल्य मिळते. खाजगी आकड्यांवरून गरिबीचे अनुमान काढून ते सरकारी धोरणापुढे ठेवायचे असेल, तर शिवाजी विद्यापीठातल्या वा बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या अभ्यासकालाही निदान पडताळणीपुरते ते आकडे पाहू देणे, ही अट करारातच असावी.