कळवील त्याला शिक्षा नको

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे स्थानक आज दूधसागरच्या वाटेवरचे एक रम्य ठिकाण म्हणून ओळखले जाते. १९६१ पर्यंत मात्र ते दोन सत्तांच्या सीमेवरचे ठाणे होते. गाडी थांबे, सामानाची झडती होई आणि मगच प्रवासी पोर्तुगीज गोव्यात उतरे. गोवा मुक्त झाला आणि ती झडती संपली. तरीही रोगाची वार्ता या घाटातून आजही सहजासहजी पार होत नाही, असे मला वाटते. त्याचे कारण मला एका लहान मुलाने शिकवले.

२०१६ सालच्या उन्हाळ्यात रामनगर येथे मी बालरुग्ण तपासत होतो. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पाच दिवसांच्या तीव्र तापाने निपचित पडला होता. डोके व अंग विलक्षण दुखत होते, डोळे लाल झाले होते, हिरड्यांतून किंचित रक्त येत होते. कुठे गेला होतात, असे विचारता बाप म्हणाला, "कुठंच न्हाई, घरीच." मी विषमज्वर आणि डेंग्यू यांच्याच दिशेने विचार करीत राहिलो. दुसऱ्या दिवशी आईने हळूच सांगितले की, सारे कुटुंब महिनाभर गोव्यात सत्तरीच्या काजूबागांत कामाला होते आणि तिथे आणखी दोघे मजूर तापाने पडले होते. बापाने हात जोडले. "डाक्टरसाहेब, हे लिहून धाडू नका. पुढल्या साली मुकादम आमाला घेणार न्हाई." ताप उतरताच, रक्ताचा नमुना घेण्यापूर्वीच, तो मुलाला घेऊन निघून गेला. मुलगा पुढे सुधारल्याचे नातलगांकडून कळले. मात्र त्या दोन मजुरांचे काय झाले, हे विचारण्याची सोय मला नव्हती, आणि मीही ती शोधली नाही.

माझी शंका माकडतापाची होती. हा रोग प्रथम १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला, आणि ते केंद्रही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यातून १९५२ साली उभे राहिले होते. गोचिडींच्या चाव्याने हा रोग माणसाला होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. दगावणाऱ्यांचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के आहे. अनेक दशके तो शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरता मानला जाई. २०१२ नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा दक्षिणेकडे दिसू लागला. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो आढळला. गोचिडींच्या पिल्लांचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच असतो. गळलेले बोंडू पाचोळ्यातून वेचणारे हात बहुधा घाटावरून आलेल्या मजुरांचे असतात.

जंगल एक, गोचीड एक, मजूरही तेच. आरोग्य हा विषय मात्र राज्यांच्या सूचीतला. त्यामुळे एका राज्यात मेलेल्या माकडाची बातमी शेजारच्या तालुक्याला बहुधा वर्तमानपत्रातूनच कळते.

वार्ता दडपली जाण्यामागे केवळ आळस नसतो, भय असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा युरोपीय देशांनी येथील मालावर बंदी घातली. १८९७ च्या व्हेनिस परिषदेत हा एकच रोग चर्चेस होता. प्लेगची वार्ता इतर राष्ट्रांना कळवण्याचे बंधन तेथे आले खरे, पण कळवणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. १९९४ साली सुरतच्या प्लेगनंतर अनेक देशांनी भारताची विमाने रोखली. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली, आणि बक्षीस म्हणून त्या देशावर प्रवासबंदी लादली गेली. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी अनावश्यक निर्बंधांना आळा घालू पाहिला, तरी संकटात ते कलम कोणी फारसे आठवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. परंतु जंतूंचे नमुने देणाऱ्या देशास लशीत वाटा किती, हे ठरवणारे परिशिष्ट त्या वेळी मागेच ठेवावे लागले.

रामनगरच्या त्या बापाची आणि या राष्ट्रांची भीती एकाच जातीची आहे. खरे सांगितले तर पोटावर पाय येईल, हे दोघेही जाणतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रोगनियंत्रणातील सहकार्याची पहिली अट ही की, कळवणाऱ्याला शिक्षा न होता साहाय्य मिळावे.

हे अशक्य नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत संघाने देवीची लस पुरवली आणि अमेरिकेने तज्ज्ञ व पैसा दिला. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले. देवीचा रुग्ण कळवणाऱ्यास तेव्हा आपल्याकडे रोख बक्षीस मिळत असे, हे ज्येष्ठ सभासदांना स्मरत असेल.

आपल्या भागापुरते मागणे फार मोठे नाही. जोयडा, खानापूर, सत्तरी, सांगे, दोडामार्ग व चंदगड या तालुक्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हंगामात दर आठवड्याला तापाचे रुग्ण आणि मेलेली माकडे यांची माहिती परस्परांना द्यावी. वन व पशुवैद्यकीय खात्यांनाही त्यात घ्यावे. मजूर कोणत्याही राज्याचा असो, त्याची तपासणी विनामूल्य व्हावी आणि आजारपणातील मजुरी बुडू नये. कर्नाटकात तयार होणारी जुनी लस परिणामकारक न राहिल्याने २०२२ पासून बंद आहे. नवी लस येईल तेव्हा तिचे वाटप राज्यानुसार न होता जंगलानुसार व्हावे.

आणि आपण डॉक्टरांनी? तापाच्या प्रत्येक रुग्णाला "गेल्या पंधरवड्यात कामाला कुठे होता?" हे विचारावे. मी ते विचारले होते, पण खरे सांगितल्याने तुझे काही बिघडणार नाही, हा शब्द मी त्या बापाला देऊ शकलो नाही. तो शब्द देता येईल अशी व्यवस्था घडवणे, हेच सरकारांचे काम आहे, आणि त्यांना त्याची आठवण देत राहणे आपले.