कुंपण हाक मारील, ओ कोण देणार?



कारखान्याच्या आवाराला नव्या पद्धतीचे दिवे बसवावेत, असा विषय सध्या बोलण्यात आहे. हे दिवे खांबावर उंच टांगायचे नसून कुंपणाच्या जाळीलाच बसवायचे असतात. कोणी जाळी कापू लागला किंवा तिच्यावर चढू लागला, की दिव्यातलेच यंत्र बिनतारी संदेशाने गेटवरच्या खोलीत वर्दी देते. विषय निघाल्याबरोबर वजनकाट्यावर आणि निलंग्याच्या बाजारात दोन्ही अंगांनी बोलणे सुरू झाले. एक म्हणतो, "आधी आमच्या बिलाचं बघा, कुंपणाला दिवाळी कशाला?" दुसरा म्हणतो, "माल आपलाच हाय, राखायला नको का?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आम्ही आमचे मत या पानावर स्पष्टपणे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट, बिल आणि कुंपण हे दोन वेगळे विषय नाहीत. उतारा दहा टक्के धरला तर एक टन उसाची साखर एक क्विंटल, म्हणजे ५० किलोची दोन पोती होतात. गोदामातून एक पोते गेले, की कोणाच्या तरी शिवारातला अर्धा टन ऊस गेला असे समजावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर क्विंटलला ३,१०० रुपये केला. त्या दराने धरले तरी एक पोते १,५५० रुपयांचे होते. शिवाय गोदामातली ही साखर बँकेकडे तारण असते. त्या तारणावर जी उचल मिळते, तिच्यातून आपल्या उसाचे पैसे निघतात. ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तारणाचा माल कमी भरला तर ओढाताण कोणाची होते, हे सभासदांना सांगायला नको. तेव्हा राखण नीट हवी, याबद्दल दुमत नसावे.

आता हे यंत्र काम कसे करते, ते थोडक्यात सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि भूकंपमापक हा शब्द आपल्या भागातल्या लेकरालाही पाठ झाला. जमिनीचा हादरा मोजून नोंदवणारे ते यंत्र. कुंपणाच्या दिव्यात बसवलेली बारीक चकती त्याच जातीची. ती जाळीचा कंप मोजते. वारा सुटला तर लांबवर सगळी जाळी एकदम हलते. पक्कड लावली तर एकाच जागी झटका बसतो. हा फरक यंत्राला शिकवून ठेवलेला असतो. संशय आला की तेवढ्या जागेचे दिवे प्रखर होतात आणि एका दिव्याचा संदेश शेजारचा दिवा पुढे नेतो. असे करत तो पहाऱ्याच्या खोलीत पोचतो. मात्र बिनतारी असतो तो फक्त संदेश. दिव्याला वीज लागते आणि तिची तार कुंपणावरून न्यावीच लागते. "तारच नाही, मग काय चोरणार?" असे जे सांगतात, त्यांच्याकडून हे आधी समजून घ्यावे.

विजेचा हिशोब मात्र या दिव्यांच्या बाजूने आहे. उदाहरणादाखल दोन किलोमीटर कुंपण धरू. दर ३० मीटरला २५० वॅटचा सोडियमचा दिवा लावला तर सुमारे ६७ दिवे लागतील आणि बारा तासांच्या रात्रीला दोनशे युनिट जळतील. दर सहा मीटरला १० वॅटचा एलईडी दिवा लावला तर दिवे तीनशेहून जास्त, पण वीज जेमतेम ४० युनिट. हंगामात आपली वीज आपण करतो, पण गव्हाण बंद झाल्यावर महावितरणचे बिल येतेच. शिवाय उंच खांबावरच्या दिव्याने मळीच्या टाक्यांमागे आणि बगॅसच्या ढिगाआड काळोख पडतो. कुंपणाच्या दिव्याने निदान कडेचा काळोख जातो.

इथपर्यंत सगळे ठीक. पण यंत्र नुसती हाक मारते. ओ द्यायला माणूस लागतो, आणि आमचे सगळे म्हणणे एवढ्याशी येऊन थांबते.

पठाणकोटच्या हवाई तळाचे उदाहरण पाहा. २ जानेवारी २०१६ च्या पहाटे तिथे अतिरेकी शिरले आणि सात जवान शहीद झाले. हल्ल्याची कुणकुण आधी लागलेली होती. म्हणजे हाक आली होती. पुढे संसदेच्या गृह खात्याविषयीच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात ताशेरे ओढले: भिंतीवरचा पहारा तोकडा होता, भिंतीलगत गस्तीचा रस्ता नव्हता, आणि आत झाडाझुडपांचे रान माजल्याने लपायला आयती जागा मिळाली. देशाच्या हवाई तळाची ही गत, तिथे आपल्या आवाराचे काय सांगावे? त्यानंतर सरकारने सीमेवर नव्या यंत्रांचे कुंपण केले. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरचे दोन टप्पे झाले, मार्च २०१९ मध्ये आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पात्रात ६१ किलोमीटरचा. पण यंत्रे आली म्हणून तिथले सीमा सुरक्षा दलाचे जवान कोणी घरी पाठवले नाहीत.

आमची भीती नेमकी हीच आहे. दिवे बसले की वॉचमन कमी करायचे, आणि उरलेल्यांना बारा-बारा तास उभे करायचे, असा हिशोब कोणी मांडील. वॉचमन म्हणजे कोण? आपल्याच सभासदांची पोरे, भावकीतली, गावातली. बारा तास उभा राहिलेला माणूस रात्री तीन वाजता ओ देईल कसा? आणि समजा दिला, तर हातात काठी घेऊन एकटा काळोखात जाईल कसा? वाऱ्याने, कुत्र्याने, पाठ घासणाऱ्या म्हशीने रात्रीतून वीस वेळा भोंगा वाजला, की एकविसाव्या वेळी तो बंदच करून ठेवला जातो. लांडगा आला रे आला ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकली आहे.

कुंपणाजवळ राहणाऱ्यांचाही विचार व्हावा. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोपी आवाराच्या कडेला पडतात. बायाबापड्यांना पहाटे अंधारात उठावे लागते, त्यांना हा उजेड आधाराचा होईल. पण त्यांच्या लेकराचा चेंडू जाळीला लागला म्हणून कोणी काठी उगारली, तर ते आम्हाला मंजूर नाही. भोंगा वाजला म्हणजे चोर सापडला, असे होत नाही. आधी जाऊन बघायचे, विचारायचे, मग बोलायचे.

आणखी एक कडू गोष्ट. चोर दरवेळी जाळी कापूनच येतो असे नाही. गेटातून कागदावर सही होऊन गेलेला माल कोणत्याही दिव्याला दिसत नाही. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. पण बाहेरच्या कुंपणावर खर्च करताना गोदामाचे रजिस्टर, गेटपास आणि वजनकाटा यांची तपासणीही तितकीच कडक हवी.

आता कारखान्याच्या कुंपणावरून सभासदाच्या बांधावर येऊ, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. रानडुकरे एका रात्रीत उसाचा फड लोळवतात. शेतकरी रात्रभर किती जागणार? ओ द्यायला माणूस नाही, म्हणून काही जण बांधावरच्या तारेत मोटारीच्या लाईनचा करंट सोडतात. कारखान्याच्या कुंपणावरच्या दिव्याला बहुधा २४ किंवा ४८ व्होल्टची कमी दाबाची वीज पुरते. बांधावरच्या तारेत मात्र २३० व्होल्ट खेळत असतात. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, सरपण आणायला गेलेली बाई, स्वतःचाच सालगडी, कधी घरचाच मुलगा त्या तारेला चिकटतो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि विसरतो. ज्याने करंट सोडला त्याच्यावर मनुष्यवधाचा गुन्हा येतो, आकडा टाकला असेल तर वीजचोरीचाही. डुक्कर राहते बाजूला, दोन घरे बुडतात.

त्याला पर्याय आहे. सौर बॅटरीवरचे झटका मशीन सेकंदा-दीड सेकंदाला एकच झटका देते, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र मशीन मानांकनाचे असावे, पाटी लावावी, आणि ते थेट लाईनला जोडण्याचा शहाणपणा कोणी करू नये. शेतकी खात्याने गटागटात याचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि ऊस विकासाच्या कर्जात त्याची सोय करावी, अशी आमची मागणी आहे. कारखाना स्वतःच्या गोदामासाठी इतका विचार करतो, तर सभासदाच्या जिवासाठी एवढे करणे त्याला जड नाही.

दिव्यांच्या बाबतीत संचालक मंडळापुढे आमच्या सूचना अशा आहेत:

१. आधी कुंपण ताणून घ्यावे. ढिल्या जाळीत कंप मुरतो. वेडी बाभूळ आणि वेली साफ कराव्यात. कुंपणाच्या आतून फिरायला गस्तीची वाट करावी.

२. सगळ्या आवाराला एकदम हात घालू नये. पहिल्या वर्षी साखर गोदामाची बाजू घ्यावी. इथेनॉलच्या टाक्यांजवळ ठिणगी न उडणारे फ्लेमप्रूफ दिवेच लागतात. त्याचे नियम पाहणारी केंद्राची पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना नागपुरातच आहे. तिच्या नियमाबाहेर काही करू नये.

३. दिव्यांचा उजेड वॉचमनच्या डोळ्यात पडू नये, तो खाली पडावा. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे उजेडावर येतात. ज्यांचा ऊस कुंपणाला लागून आहे त्यांना त्रास नको, म्हणून एरवी दिवे मंद ठेवावेत आणि त्या दिवसांत तिथे प्रकाश सापळे लावावेत.

४. अर्थिंग पक्के असावे. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याकडे वीज कशी पडते, हे सर्वांना माहीत आहे. दुरुस्ती लातूरच्या आसपास होईल अशीच खरेदी करावी.

५. एकही वॉचमन कमी करू नये. आठ तासांची पाळी, रात्री दोघांची जोडी, चांगली बॅटरी आणि बूट, हे सगळे दिव्यांच्या खर्चातच धरावे.

६. एक वही ठेवावी. हाक किती वेळा आली, खरी किती, खोटी किती, आणि जागेवर माणूस किती मिनिटांत पोचला, हे रोज लिहावे. वर्षअखेर ती वही वार्षिक सभेत वाचावी. वही चांगली निघाली तरच पुढच्या टप्प्याला पैसे द्यावेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले आणि सौम्य धक्के बसले, तेव्हा लोक रात्री घराबाहेर निजले. किल्लारीने शिकवलेले कोणी विसरले नव्हते. त्या पहाटे यंत्राने हादरा नोंदवला. ढिगाऱ्याखालून लोकांना बाहेर काढले ते मात्र शेजारच्या माणसांनी, हाताने माती उपसून. दिवे जरूर लावा. पण वही वाचायची वेळ येईल तेव्हा सभासदांनीही सभेला यावे, आणि किती मिनिटांत ओ दिली एवढेच उभे राहून विचारावे.

कळावे.