दिवाळीत कागद, मृगात कुदळ

घराचा नकाशा काढायला आपण वास्तुविशारद नेमतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची ठरवायला तर घरातल्या बायकांची परिषदच भरते. बागेचा प्रश्न आला की मात्र सारा कारभार एका रविवारात उरकतो. सकाळी रोपवाटिकेत जायचे, जे झाड फुललेले दिसेल ते टेम्पोत घालायचे आणि संध्याकाळच्या आत, जिथे माती मऊ लागेल तिथे लावून टाकायचे. चार-पाच वर्षांनी आंबा पाण्याच्या टाकीशी झोंबू लागतो, गुलाब त्याच्या सावलीत उपास काढतात, आणि "आमच्या जागेला झाडंच लाभत नाहीत," असा निकाल लागतो.

जागा बिचारी निर्दोष असते, वाचकहो! दोष घाईचा. झाडे लावण्याचा मुहूर्त मृगाचा, हे खरेच. पण बाग आखण्याचा मुहूर्त दिवाळीचा. पाऊस सरला आहे, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागेपर्यंत सात महिने हाताशी आहेत. तेवढ्यात अंगण आपली सगळी हकीकत सांगून टाकते. ऐकणारा मात्र हवा.

पहिली हकीकत उन्हाची. पुण्याचेच उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की वीस फूट उंचीच्या घराची सावली उत्तरेला सुमारे अठरा फूट पडते. मेच्या मध्याला तोच सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे घरामागची जागा मे महिन्यात भाजते आणि थंडीत दिवसभर गारठते. एका कागदावर घर काढा आणि दर महिन्याच्या एका रविवारी, सकाळी नऊ, दुपारी बारा व चार वाजता, सावलीची कड पेन्सिलीने आखा. मोगरा, गुलाब, लिंबू यांना पाच-सहा तास उन्हाची जागा द्या. नेचे आणि अळू सावलीत खुशाल राहतील.

दुसरी हकीकत पाण्याची. हिरवळीचे वेड सध्या फार आहे. पाचशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरले, तरी रोजचे २३० लिटर झाले. शहरात माणशी १३५ लिटरचा हिशेब धरतात. तेव्हा हिरवळ करणे म्हणजे घरात जवळजवळ दोन माणसे कायमची राहायला येणे! पाहुण्यांना "केव्हा निघणार?" असे आडून तरी विचारता येते, हिरवळीला तीही सोय नाही.

तिसरी गोष्ट जमिनीखालची. मलटाकी कुठे आहे, नळ कुठून गेले आहेत, हे आधी कागदावर मांडा. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे भिंतीत शिरतात. त्यांना अंगणात थारा नको. आंब्याला तीस फुटांचा घेर लागतो, हे रोप वीतभर असतानाच ध्यानात घ्यावे. जुने झाड असेल तर त्याच्याभोवती बाग आखा. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड, स्वतःच्या आवारातले असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही.

पण ऊन, पाणी आणि माती यांहून मोठा प्रश्न निराळाच आहे. बाग कोणासाठी?

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, पुण्याला, हा प्रश्न गेल्या वर्षी निघाला. भाच्याने एका कंत्राटदाराकडून रंगीत चित्र आणले होते. सगळीकडे हिरवळ, कडेने ताडाची झाडे, मधून पांढऱ्या गोट्यांची नागमोडी वाट. चित्र झकास होते. अक्काच्या सासूबाई, माई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना मी विचारले, "माई, तुम्हांला काय हवं बागेत?"

"मला रे काय करायचंय आता! देवाला चार फुलं हाताला लागली म्हणजे झालं. पारिजातक होता आमच्या माहेरी. पण तो असून तरी काय, वाकवतंय कुणाला?"

भाचा चित्राकडे पाहत राहिला. त्या गोट्यांवरून आजीला एक पाऊलही टाकता आले नसते, हे त्याच्या ध्यानात आले असावे. त्याने पेन्सिल घेतली. हिरवळ सतरंजीएवढी उरली. वाट सरळ, चार फूट रुंद आणि बिनपायरीची झाली. दक्षिणेच्या कोपऱ्यात, थंडीतले ऊन मिळेल असा बाक आला. माईंच्या खिडकीबाहेर पारिजातक आला, आणि त्याच्याखाली दोन फूट उंचीचा रुंद कट्टा. "फुलं पडतील ती कट्ट्यावर, आजी," तो म्हणाला, "तू बसल्या बसल्या वेच." माई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी तो कागद त्यांनी पुन्हा मागून घेतला.

पारिजातक लावल्यापासून दोन-तीन वर्षांत फुलू लागतो. यंदा मृगात रोप लागले. तोवर माईंसाठी कट्ट्यावर मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत.

यावरून मी सर्वांना एकच सांगत असतो. नकाशात तीन वयांची झाडे हवीत. झेंडू, तुळस, गवती चहा ही यंदाची. पारिजातक, लिंबू, कढीलिंब ही दोन-चार वर्षांनी हाती येणारी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. आणि एखादी बकुळ. बियांपासून वाढवलेली बकुळ फुलायला पुष्कळ वर्षे घेते. ती लावणाऱ्याने आपल्या ओंजळीचा हिशेब करू नये, नातवंडांचा करावा.

तेव्हा पाहुणे परतले, फराळाचे डबे तळाला गेले, की एक मोठा कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा. सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांआधी. मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या झाडांसाठी तीन-तीन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्या. पावसाआधी ते पालापाचोळा, शेणखत आणि मातीने भरा. रोपवाटिकेत जाल तेव्हा मात्र तो कागद खिशात असू द्या. तिथे सगळीच झाडे फुललेली असतात, आणि टेम्पोवाला दारातच उभा असतो!