खर्जाचा ध्वनिवर्धक

घरांतील मुलानें बेस गिटारसाठीं लहानसा ध्वनिवर्धक स्वहस्तें करावयाचें मनावर घेतलें, तर वडीलधाऱ्यांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत, असें आम्हांस वाटतें. मात्र एक अट घालावी: घरच्या विजेस हात लावावयाचा नाहीं, ९ व्होल्टांची बॅटरी पुरे. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांतील कपॅसिटर प्लग काढल्यावरहि प्राणघातक झटका देऊं शकतो.

एलएम ३८६ ही आठ पायांची चिप ८ ओहमांच्या स्पीकरवर अर्ध्या वॅटच्या आसपास शक्ति देते. एकट्याच्या सरावास तेवढी चालते. खरी मेख स्पीकरच्या वाटेवरील कपॅसिटरांत आहे. तो २२० मायक्रोफॅरडचा असल्यास सुमारे ९० हर्ट्झच्या खालचे नाद क्षीण होत जातात. आणि चौतारी बेसच्या सर्वांत जाड तारेचा खर्ज तर ४१ हर्ट्झचा! १००० मायक्रोफॅरडचा घातल्यास ही मर्यादा २० हर्ट्झपर्यंत उतरते. स्पीकरहि बंद पेटींत बसवावा. उघडा ठेविल्यास पुढच्या व मागच्या लहरी परस्परांस मारतात आणि खर्जच आधीं लोपतो.

पहिला प्रयत्न मुका राहिला, तर तयार यंत्र आणून देण्याची घाई करूं नये. आकृति पुढें ठेवून एकेक सांधा तपासावयास सांगावें. कार्यावरून कारणाकडे जाण्याची ही संवय न्यायशास्त्राच्या पाठांतराहून अधिक टिकेल.